दुग्धकवच

गिरगाव,
४ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. वैशालीस,
हेरंबदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पावले. एकाच खोलीत नवरा बसला असता फोनवर त्याच्याच प्रकृतीची चर्चा अशक्य, म्हणून पोस्टाचा आश्रय घेतलास, हे कारण ग्राह्य. परळच्या गाळ्यात दिवसभर छपाईच्या स्क्रीन थिनरने धुऊन धनेशराव संध्याकाळी डोके धरून बसतात, चक्कर येते म्हणतात, हे वाचून चित्त सैरभैर झाले. त्या भरात मी नववीला एक सुभाषित चुकीचे शिकवले. कुणाच्याही ते लक्षात आले नाही, हे दुःख निराळे.

तथापि चिंता नसावी. आहार हेच कवच! प्रातःकाळी गुळाचा खडा. गिरणीतल्या कापसाच्या धुळीवर आपले आजोबा गूळच खात. ब्याऐंशी वर्षे जगले. खोकत जगले, पण जगले. मध्यान्ही अर्धा लिटर दूध, चार वाजता आवळा व केळे. हे सर्व गाळ्यातच, कामाच्या जागी घ्यावे. शत्रू जेथे, कवच तेथे. दुग्धप्राशन केलेल्या देहात शिरण्याची थिनरची काय प्राज्ञा!

आशीर्वादांचा साठा विपुल आहे, निःसंकोच मागावेत.

तुझा,
हेरंबदादा


लालबाग,
२६ फेब्रुवारी

ती. हेरंबदादास वैशालीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पथ्य सुरू होऊन तीन आठवडे झाले. अख्खा गाळा तुझा शिष्य झालाय. राजरत्न, अभय, निमेश, सगळे चारच्या ठोक्याला आवळा चोखत बसतात. हे तोंडाला रुमाल बांधायचे, तोही सोडला. म्हणतात, दूध पितो की!

पुष्करशेठ दिवाळीपासून भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवतो म्हणत होता. आता तो रोज दोन लिटर दूध पाठवतो आणि विचारतो, की दादांचं कवच असताना पंखा हवा कशाला. यांनीही मान डोलावली.

गुरुवारी डबा घेऊन मी स्वतः गेले. दादा, यांनी शाई काढायला हात थिनरनेच धुतले, पँटीला पुसले आणि त्याच हातांनी गूळ मोडून तोंडात टाकला. वर मलाच दाखवलं, की बघ, हात कसे लख्ख आहेत. मी ओरडले, तर म्हणाले, शास्त्र दादांना कळतं, तुला नाही.

शनिवारी सुटल्यावर हे भायखळ्यापर्यंत चालत गेले. तिथे पोचल्यावर कळलं, की घर मागे राहिलं. बावीस वर्षांचा रस्ता, दादा.

माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात, हीच पंचाईत आहे. तूच लिही. आणि मोठे शब्द नकोत.

रागावले आहे, लोभ मात्र जागच्या जागी आहे.

तुझी,
वैशू


गिरगाव,
२ मार्च

श्री. धनेशराव यांस,
हेरंबचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

पहिल्याच ओळीत कबुली देतो. ती पथ्ये मी कुठल्याही ग्रंथातून घेतलेली नाहीत. रविवारी जेवून, पलंगावर पडून रचली. तुम्ही त्यांना शास्त्र मानलेत, कारण ती संस्कृतप्रचुर होती. हा दोष माझा.

काल कामगारांचे आजार पाहणाऱ्या एका डॉक्टरबाईंना भेटलो. मी दुग्धकवचाचा सिद्धांत मांडला. त्यांनी शांतपणे ऐकला, हे अधिक लागले. त्या म्हणाल्या, थिनरची वाफ नाकातून जाते, थिनर कातडीतून शिरतो, दूध पोटात जाते; यांची वाटेत गाठच पडत नाही. चांगले खावे, ते कुणीही खावे. पण गाळ्यात खाऊ नये, थिनरने हात धुऊन तर मुळीच नाही, साबण वापरावा. हातमोजे हवेत, वाफेसाठीचा मुखवटा हवा, आणि सगळ्यात आधी वाफ बाहेर फेकणारा पंखा. रस्ता चुकलात हे ऐकून त्यांनी लेखणी खाली ठेवली व मंगळवारची वेळ दिली. जा.

वैशालीचे ऐका. आमच्या घरात शास्त्र तिलाच कळते.

लोभ राहिला असल्यास तो वाढवावा, ही विनंती.

आपला,
हेरंब


लालबाग,
१५ मार्च

ती. दादांस धनेशचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी गाळ्यात मोठ्यांदा वाचलं. शेठ म्हणाला, संस्कृतच्या मास्तरला थिनरमधलं काय कळतं! दूध पाठवताना मात्र तुम्ही त्याचे धन्वंतरी होतात.

बुधवारपासून आम्ही चौघे बाहेर जिन्यावर बसलो आहोत. पाडव्याच्या मिरवणुकीचे फलक अडकलेत, म्हणून काल शेठने एक टेबलफॅन आणला. तो वास बाहेर टाकत नाही. माझ्या तोंडावरचा राजरत्नच्या तोंडावर नेतो. आम्ही पुन्हा जिन्यावर. भिंतीला भोक पडेपर्यंत आत जायचं नाही, असं ठरलंय. किती दिवस निभेल, माहीत नाही.

डॉक्टरबाईंनी तपासलं. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, तर मी डावीकडे कलंडलो. वैशालीने धरलं. थिनरपासून लांब राहिलो तर सुधारेल म्हणाल्या. कितपत, ते तीन महिन्यांनी सांगतील. मला भीती वाटते, दादा. हे तिला लिहू नका.

सोमवारी शाळा सुटल्यावर या. जिन्यावर जागा आहे. आमच्यावर शेठ ओरडतो. तुम्ही संस्कृतात सुरू झालात, की कुठे ओरडायचं तेच त्याला समजणार नाही.

लोभ आहेच. येताना खायला काही आणू नका.

आपला,
धनेश