शालनकाकींच्या गाईचा रिपोर्ट

मंगळवार, संध्याकाळ. लोणंद

शालनकाकींच्या गाईला रोग नाहीच. आज मोठ्या लॅबचा रिपोर्ट आला. आतड्यातल्या दुसऱ्याच एका जंतूचं कवच सांसर्गिक गर्भपाताच्या जंतूच्या कवचासारखंच असतं. त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं माझ्या चाचणीत चिकटली आणि रक्ताच्या नमुन्याच्या थेंबात गुठळ्या दिसल्या. कॉलेजात शिकलोय मी हे. तरी दुसऱ्या चाचणीची वाट न बघता, दूध केंद्राच्या रांगेत सगळ्यांदेखत सांगून मोकळा झालो, "काकी, गाईला सांसर्गिक गर्भपात आहे, दूध घालू नका." हुशारी मिरवायची होती, दुसरं काय.

चिकाचा तांब्या परत देताना आमच्याकडे त्यात चिमूटभर साखर घालतात. गाय व्यायल्यावर काकींनी घरोघर चीक दिला होता; ते तांबे त्या दिवशी शेजारणींनी भरलेलेच परत आणून ठेवले.

आज घरी जाऊन चूक कबूल केली. काकी चुलीवरची नजर न काढता म्हणाल्या, "आवं डॉक्टर, रोग चारचौघात सांगितलासा, आन् न्हाई म्हणून चुलीपाशी सांगताय व्हय?"

मागे फळीवर ते तांबे पालथे होते.

उद्या केंद्रावर सांगतो म्हणालो. उद्या कशाला? निघालो तेव्हा संध्याकाळची रांग लागलेलीच होती. मी मागच्या रस्त्यानं घरी आलो.