कोणी काढलं ते लिहू नये

४ मार्च
मीच! तिचा निकाल माझ्या हातून पुसला गेला.

आमच्या विश्लेषणाच्या कोड-लायब्ररीत जतन केलेल्या निकालाच्या नावात काय मोजलं आणि कोणत्या गटावर, एवढंच असतं. कोणी काढलं ते नाही. नियम माझा. आमची सांख्यिकीवाली — कंत्राटावरची, सगळ्यांत धाकटी — म्हणाली होती, निदान आद्याक्षरं घालू या. मी म्हटलं, वेदांसारखेच आमचे निकालही अपौरुषेय! सगळे हसले. मी संस्कृत काढलं की इथे वाद मिटतो.

सोमवारी कोड तपासायला खोटे आकडे भरले, निकालाला नियमाबरहुकूम नाव दिलं. तिच्या निकालाचंही तेच होतं. मशीन विचारत नाही. जुना पुसतं, नवा ठेवतं. अहवाल आपोआप बनतो — त्यात माझा खोटा निकाल छापून गेला.

६ मार्च
बैठक. औषध घेतलेला प्रत्येक रुग्ण बरा झाला, असं आम्ही दवाखान्याला कळवलंय. ती म्हणाली, हे आकडे माझे नाहीत.

"मग कोणाचे, मॅडम?" साहेब.

मी ग्लास तोंडाला लावला. रिकामा होता. तरी प्यायलो.

७ मार्च
साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो. परत फिरलो.

१० मार्च
तिने विचारलं, कोणी लिहिलं ते शोधता येईल का, सर? सगळे एकाच खात्यातून काम करतो, मी समजावलं, माग लागणार नाही. शब्दन्‌शब्द खरा. खऱ्याचा इतका नीच उपयोग आजवर केला नव्हता. तिची मुदतवाढ साहेबांनी अडवलीय.

घरी बायकोला सांगितलं. तिने भाजी चिरायची थांबवली. "मला सांगून हलकं होऊ नका. साहेबांना सांगा."

११ मार्च
सांगितलं. वार, वेळ, निकालाचं नाव, सगळं. साहेब उठले, खांद्यावर हात ठेवला.

"पंडित, तुमचं मन मोठं. पण दुसऱ्याची चूक अंगावर घेऊ नका. तिने काल राजीनामा दिलाय."

मीच केलं, म्हटलं. पुन्हा म्हटलं. पुरावा काय देणार? दुपारपर्यंत ऑफिसभर माझ्या मोठ्या मनाची चर्चा.

१२ मार्च
तिचा फोन. आभार मानायला.

"अहो, खरंच मीच पुसला," म्हणालो.

"असू दे, सर," म्हणाली. "माझ्यासाठी एवढं तरी कोण बोललं?"