तोंडानं सांगा

माय, तुला जाऊन एवढी वर्षं झाली, आणि तरी हे तुलाच सांगावंसं वाटतंय. घरातले बाकी सगळे मला समजावण्याच्या मागे लागलेत. "सोडून दे, तब्येत सांभाळ" म्हणतात. तू असं म्हणाली नसतीस.

अमरावतीच्या ज्या शाळेत मी नोकरीची सगळी वर्षं विज्ञान शिकवलं, तिथल्या लोकांनी मला नोकरीतून घालवणं चालवलंय. तसं कोणी म्हणत नाही, संताप त्याचाच येतो. आधी दहावीचा वर्ग काढून नव्या शिक्षिकेला दिला. "मॅडम, तुमच्या वयाचा विचार करून जरा आराम देतोय," असं मुख्याध्यापक म्हणाले. मी आराम मागितला नव्हता. मग प्रयोगशाळेची किल्ली गेली. बैठका नेमक्या माझ्या तासाला होऊ लागल्या. मग माझ्या वर्गात मागच्या बाकावर तपासणीला कोणी ना कोणी येऊन बसू लागलं, आणि इतकी वर्षं मुलांना कळणारं माझं शिकवणं आता कळत नाही, असे शेरे येऊ लागले. एकेक गोष्ट इतकी लहान, की तक्रार केली तर मीच वेडी ठरावी. माझंच काही चुकत असेल असं धरून मी रात्रंदिवस कुढत राहिले. शेवटी चहा देणाऱ्या बाईंनी कप ठेवता ठेवता विचारलं, "मॅडम, तुमी राजीनामा देऊन राहिल्या म्हंतात. कावून?" माझा राजीनामा साऱ्या शाळेला ठाऊक होता, फक्त मला नव्हता.

त्या संध्याकाळी मला अकोटचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. तू तुरीच्या शेंगा सोलत बसली आहेस, उन्हानं तुझा चेहरा काळवंडलाय. कापसाच्या जिनिंगमध्ये बायांसाठी प्यायचं पाणी मागितलंस, तेव्हापासून मुकादम तुला एकटीला भर उन्हात आवार झाडायला लावतो. दुसऱ्या दिवशी तू सगळ्यांसमोर शेटजींपुढे उभी राहिलीस. "मले काढाचं हाय का? मंग तसं तोंडानं सांगा. मी आपल्या मनानं जात नाई." त्यांनी तुला काढलंच. घरी येऊन तू बाबांना म्हणालीस, "काढलं त त्यायनं काढलं. मी नाई गेली." आणि कणीक मळायला बसलीस.

मीही गेले मुख्याध्यापकांच्या खोलीत. दार उघडंच ठेवलं. "सर, मला काढायचं असेल तर तसं सांगा."

"तुम्ही गैरसमज करून घेताय, मॅडम."

"मग दहावीचा वर्ग परत द्या."

त्यांनी फोन उचलला. त्याच आठवड्यात माझी बदली संस्थेच्या अकोल्याच्या शाळेत झाली. रोजच्या एसटीनं ही बाई थकेल आणि आपणच हात जोडेल, असा त्यांचा हिशोब. मी राजीनामा दिला नाही. रोज सकाळी अमरावतीच्या स्टँडवर उभी राहते, गुडघे दुखतात, आणि बडनेरा मागे पडेपर्यंत मी त्या माणसाला मनातल्या मनात सुनावत असते. तुझ्या शेटजीला निदान तुला जा म्हणायची हिंमत होती. ह्यांना तेवढीही नाही.

हे पत्र घरातही कुणाला दाखवायचं नाही, कारण एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. अकोल्याला मला सहावीचा वर्ग दिलाय. परवा भिंगानं उन्हात कागद पेटवून दाखवला, तर पोरं सुट्टीतही हलेनात. माय, मला तिथे बरं वाटायला लागलंय, आणि ते मुख्याध्यापकांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी अमरावतीत, जिथे स्टँडवर जुन्या शाळेतलं कुणी ना कुणी असतंच, तोंड पाडून उतरते.