धुक्यात उतरवलेले बोंबील

७ जानेवारी
थंडी पडली. पहाटे दर्यावर वाफ उठते, पाणी दिसत नाय. नात सोनल शाळेतून शिकून आली. "आजी, पाणी ऊन असतं. जमिनीवरली गार हवा त्यावर गेली का पाण्याची वाफ वरच थिजते. तेच धुकं." म्हटलं, म्हणजे चहाचं टोप. घे कपबशी नि जा दर्यावर.
हसली. बापावर गेलीय, उगीच हसते.
वलांड्यांच्या दोऱ्या भरल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंबील लटकतायत. ऊन टिकलं तर कडकडीत होतील.

९ जाने.
होडीवरचं जीपीएस बंदच. होडीवर दोघंच, माझा भास्कर नि बहिणीचा म्हादू. म्हटलं, बोईसरला नेऊन दाखव कुणाला. भास्कर म्हणतो, "आये, पहाटे वारा जमिनीवरून सुटतो. तुझ्या बोंबलांचा वास पार दर्यातल्या खडकाबाहेर येतो. तो धरला का घर. तुझे बोंबील कधी बंद पडलेत का?"
ह्याचा बाप पण असाच नाकानं घरी यायचा. तवा काठभर वलांड्या होत्या. आता आमच्याच उरल्या. बाकीच्यांची पोरं कंपनीत जातात, साबणानं हात धुतात.

१० जाने.
दुपारच्या पाण्याला दोघं गेले. उद्या सकाळी येतील.
संध्याकाळी हवा ओली. बोंबील हाताला दमट लागले. धुकं बसलं तर काळे पडणार, मग अळ्या. सुनेला म्हटलं, लता, उतरव सगळे. घरात टाक, वर ताडपत्री.
ती म्हणाली, "आई, हे यायचे हायेत ना अजून."
"यायचा तो येईल. माल सडला तर खाशील काय, वास?"
उतरवले. ताडपत्री मीच आवळून बांधली.

११ जाने.
धुकं. आपलाच हात आपल्याला दिसत नाय. होडी नाय.
बायका काठावर थाळ्या वाजवत होत्या. धुक्यात आवाज चारी बाजूंनी येतो. त्यावर कुणी काय धरायचं. तरी वाजवली. थाळीला पोचे आले.
दुपारी ऊन पडलं. दर्या लख्ख. रिकामा.

१२ जाने.
म्हादू आला. पोहत घिवलीकडं लागला, तिथल्या लोकांनी आणून सोडला. खडकावरच्या कालवांनी अंग सोललंय. भास्कर नाय.
म्हादू बोलला ते असं. नांगर टाकला तवा आपल्याच बंदराचा गाळ लागला. तो म्हणाला, भास्कर, आलं गाव. भास्कर नाक वर करून उभा. "वास कुठाय रे? हे आपलं गाव नव्हं. पुढं घे." पुढं घेतली. पुढं खडक.
मग मला विचारतो, "मावशे, वलांड्या रिकाम्या होत्या का गं?"
लता तिथंच उभी. माझ्याकडं बघितलं नि चुलीकडं गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१३
गावच्या होड्या हुडकून आल्या. एक फळी मिळाली, आमच्याच रंगाची. माणूस नाय मिळाला.
फळी अंगणात ठेवू नका म्हटलं. ठेवली.

१४ जाने. संक्रांत
हळदीकुंकू. शेजारीण दारापर्यंत आली, वाण पदराखाली धरून तशीच परत गेली. लताला द्यायचं का नाय, तिला कळेना. लतानं कुंकू पुसलेलं नाय. मी सांगणार नाय. सांगायला येईल कोण त्याची जीभ…

१६
घरात बोंबील आंबले. सोनल नाक धरून जेवते. ताडपत्री सोडली, सगळे परत वलांड्यांवर टाकले. बोईसरचा सुकटवाला आला. "माताजी, ये तो सड़ गया. कौन लेगा?" म्हटलं, तुला देतोय कोण? जा पुढं.
गाव म्हणतं म्हातारीचं डोकं फिरलं. फिरू दे.

१७
म्हादू म्हणतो, खडकाच्या पल्याड दुसऱ्या होड्या असतात, गुजरातकडच्या. त्यांनी उचलला असेल तर त्या परत जाईपर्यंत कळायचं नाय. माझ्यासाठी म्हणतो का खरंच, त्याला विचारलं नाय.
केळव्याला रविवारचे पावणे धुक्यात फोटो काढत होते म्हणे. काढा.

१९ जाने.
पुन्हा धुकं. पहाटे बाहेर आले तर वलांडीखाली लता. आंबलेले बोंबील एकेक करून हलवत होती, वास मोकळा व्हावा म्हणून. मला बघून थांबली नाय.
मी दुसऱ्या टोकाकडनं सुरू केलं. मधे कुठंतरी तिचा हात लागला, गार होता.
वारा जमिनीवरूनच हाय. दर्याकडं जातोय.