लसणीचं तेल

सोमवार, १४ जुलै १९८६. मरोळ.

आज मोत्याला लाटण्याने मारलं. कानात औषधाचे थेंब घालायला गेले तर कडकडून चावला, रक्त आलं. मीपण तीन-चार ठेवून दिले. कसला किंचाळला!

हे म्हणाले, "कुत्रं बिघडलं. उद्या आरेच्या जंगलात सोडून येतो."

डॉक्टरने सांगितलेलं, कान कोरडा ठेवा, थेंबांशिवाय काही घालू नका. मी तेच करते. मग दर महिन्याला पू कुठून येतो? रागाने त्याचा कान ओढून बघितला, तर लसणीचा वास!

"अहो, काय घातलंत ह्याच्या कानात?"

"लसणीचं तेल, गरम करून. पोरांना तूच घालायचीस ना?"

माझंच औषध. पण ते कोमट असायचं, आणि पोरांचे कान सडलेले नव्हते! तेच लाटणं यांच्या दंडावर हाणलं, लग्नानंतर पहिल्यांदा. दुसरं हाणणार, तर मोत्या मध्ये येऊन माझ्यावरच गुरगुरला. ज्याने भाजलं त्यालाच वाचवतोय, मेला. आणि मी? मी काय कमी मारलं त्याला?

मोत्या कुठेही जात नाही. लाटणं तीनदा घासलं, तरी चपात्या लाटवल्या नाहीत. आज नुसता भात.