पलीकडचं पाणी

२२ सप्टेंबर
मतदानाचा निकाल लागला. आता आमचा देश वेगळा! शंभरात चौपन्न जणांनी 'वेगळं' म्हटलं, त्यातली एक मी. रस्त्यात लोक अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते. मीही एका बस कंडक्टरला मारली!

दादाला फोन केला. तो नदीपलीकडच्या पंपगृहात. तो पाणी उपसून सोडणार, मी इकडे शहराची टाकी सांभाळणार – एकोणीस वर्षं हेच चाललंय. आता त्या नदीतूनच सीमा. "स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारलीस आणि वर हसतेस?" म्हणाला आणि फोन आपटला. आपटू दे. धाकट्या बहिणीचं त्याला कधी पटलंय!

२५ सप्टेंबर
आमचे हे शिंपी. नव्या झेंड्यांचं काम मिळालंय. घरभर निळं कापड, पाय ठेवायला जागा नाही. पहिले वीस झेंडे उलटे शिवले. कोणाच्या लक्षातही आलं नाही. सुलटा कुठला ते अजून माहीत कोणाला आहे?

२८ सप्टेंबर
साहेबांनी बोलावलं. एक तारखेपासून करार होईपर्यंत पलीकडच्या कर्मचाऱ्यांशी संपर्क बंद. टाकीवरचा फोनही काढणार.
"आणि पाणी?"
"वरच्या पातळीवर चर्चा सुरू आहे."
लोक काय चर्चा पिणार? भरलेली टाकी शहराला एक दिवस पुरते, फार तर दीड. शेजारणीचं बाळ नऊ दिवसांचं आहे. मतदानाआधी एवढी भाषणं झाली, पाइपलाइनचं नाव कोणी काढलं नाही. मीसुद्धा नाही – आणि मला तर सगळ्यांच्या आधी सुचायला हवं होतं!

३० सप्टेंबर
शेवटचा फोन.
"टाकी किती?"
"चार मीटर."
बस्स. एरवी तो पुढे "जेवलीस का?" विचारतो. आज नाही विचारलं. मीही ताठ्यातच. नंतर व्हॉल्व्हच्या खोलीत जाऊन भरपूर रडून घेतलं.

१ ऑक्टोबर
आमचा देश! सकाळी झेंडा चढला, डोळे भरून आले – खोटं कशाला लिहू. दहा वाजता पलीकडून पाणी बंद.

२ ऑक्टोबर
सकाळी टाकीत जेमतेम अर्धा मीटर. कोपऱ्यावर बादल्यांची रांग. बायका माझ्याकडे बघत होत्या, जणू मीच पाणी पदराखाली लपवलंय.

मग आठवलं. पुराच्या वर्षी फोन मेला होता, तेव्हा दादाने एक युक्ती काढली होती. पाइप भरलेलाच असतो. मी गाळ काढायची तोटी क्षणभर उघडून बंद केली की त्याच्याकडचा दाबाचा काटा खाली जाऊन वर येतो. तीनदा – पाणी सोड. दोनदा – बंद कर.

तोटी उघडणं म्हणजे संपर्क नव्हे, देखभाल! तीनदा उघडली. दहा मिनिटं काही नाही. वीस मिनिटं. मनात म्हटलं, तो अजून रागावलाय. शहर तहानेने मरेल आणि आमचं भांडण तेवढं जिवंत राहील.

आणि पाइप घुमायला लागला!! दादा! माझा दादा!

४ ऑक्टोबर
रोज तीनदा, मग दोनदा. पाणी येतंय. साहेब टाकीची पातळी बघतात आणि मग खिडकीबाहेर बघतात.
"पलीकडून कुठेतरी गळती असेल," म्हणाले.
"मोठी आहे साहेब."
"दुरुस्तीची घाई नको."
या माणसाबद्दल माझं मत बदलायला हवं.

५ ऑक्टोबर
मी दिलेलं मत चुकलं असं अजूनही वाटत नाही. आपलं घर आपण चालवावं, एवढंच मागितलं होतं. पण भिंत घालण्याआधी दादाशी नीट बोलायला हवं होतं. भेटला की आधी माफी मागेन, भांडेन नंतर.

६ ऑक्टोबर
दादा दारात उभा! दोन्ही हातांत पाण्याचे कॅन. तीन दिवस नाक्यावर रांगेत होता.

बहीण अलीकडे म्हणून त्याला तीस तारखेलाच पंपगृहातून काढलं. माझा फोन ठेवल्या ठेवल्या. त्याच्या जागी कोणी नवीन मुलगी आली, पाणी सोडायचं नाही असा लेखी हुकूम घेऊन. निघता निघता त्याने तिला तीनदा-दोनदाचं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बघते."

"बघते म्हणजे नाहीच ना गं! म्हटलं, आता तुमचं कसं होणार?"

मी नळ सोडून दाखवला. आम्ही दोघं बघत राहिलो. हातातले कॅन खाली ठेवायचं त्याला सुचलंच नाही.