कुंपणातली माझी वाट

मंगळवार, ३ जुलै

रात्री कुंपणात जनावर शिरले आणि नूनकिपाच्या सात मेंढ्या गेल्या. ती विधवा आहे, माझ्या शेजारीच राहते. तिच्याजवळ एकंदर अकराच होत्या.

सून नासिएकू कालच आजारी आईला पाहण्यास माहेरी गेली आहे, म्हणून मी एकटाच होतो. तरण्या पोरांचा म्होरक्या लेकिशोन बोलावण्यास आला. "चला आजोबा, जमिनीवरचं वाचणारं दुसरं आहे कोण इथे?" मी लाल शाल नीट पांघरली, वडीलधाऱ्याचा मानाचा काळा दंडुका घेतला आणि सर्वांच्या पुढे चालू लागलो.

ठसे स्वच्छ होते. चार बोटे, पुढे बोथट नखांच्या खुणा. सिंहीण नखे आत ओढून चालते. ही तरसे होती — तीन. तरस कुंपणावरून उडी घेत नाही. ठशांचा माग काढत मागे गेलो, तो माझ्याच वाटेपाशी पोहोचलो.

आमच्या वस्तीच्या काटेरी कुंपणाला पाच वाटा आहेत. गुरे आत आली की ज्या घराची वाट, त्या घराच्या कर्त्याने बाभळीची फांदी ओढून ती बंद करावयाची. माझ्या वडिलांनी मरेपर्यंत त्या फांदीला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. मीही दिलेला नाही. आज तेथे हातभर फट होती.

बाकीचे बरेच मागे होते; मी पायातल्या चपलेने ठसे पुसले. मग वळून म्हणालो, "सिंहीण आहे. कुंपणावरून आली."

कोणीही शंका घेतली नाही. त्याचे मला समाधान वाटले, हेही येथे लिहिणे भाग आहे.

बुधवार, ४ जुलै

नात सिलांतोई आली. ती सिंहांवर पाळत ठेवण्याची नोकरी करते, हिरवा गणवेश घालते. ठसे वाचण्यास तिला मीच शिकवले. मेंढ्या पडल्या होत्या तेथे ती बराच वेळ उकिडवी बसली. लोकांसमोर एक शब्द बोलली नाही. लोक पांगल्यावर चहा ओतता ओतता म्हणाली, "आजोबा, मोठाली हाडंसुद्धा फोडून खाल्लीत. सिंहीण असं करते?"

"भुकेली असली की करते."

"सकाळी उजेड कमी असतो. डोळे चुकू शकतात माणसाचे. कुणी काही म्हणणार नाही."

पोरीने मला निसटण्यास जागा करून दिली होती. मी काय म्हणालो? "तुझ्या आईचा जन्म झाला नव्हता, तेव्हापासून हे डोळे काम करताहेत."

चहा संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

गुरुवार, ५ जुलै

नूनकिपाने वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात दूध भरून पाठवले. निरोप असा — 'माझ्यापायी आजोबांना सकाळीच दगदग झाली.'

मी ते दूध प्यालो.

शुक्रवार, ६ जुलै

लेकिशोन आणि आणखी नऊ जण भाले घासत बसले आहेत. कोरड्या ओढ्याच्या झुडपांत एक सिंहीण राहते, तिला तीन पिल्ले आहेत. उद्या दूध काढून झाले की निघणार. सिंह मारण्यास आता बंदी आहे. सापडले तर दहाही जण तुरुंगात जातील. आणि सिंहिणीपुढून दहाच्या दहा परत येतील, असेही नाही.

पार्मुआत झाडाखाली बसून हसत होता. सुंता होऊन आम्ही दोघे एकाच वर्षी पोरांतून पुरुषांत आलो. मला वाटेल ते बोलण्याचा अधिकार आता त्याच्याखेरीज कोणास उरलेला नाही. "पोरांनो, याला विचारा सिंहाची शेपूट कशी धरायची ते. दर वर्षी याच्या गोष्टीत ती वीतभर वाढते." पोरे हसली. मीही हसलो. माझ्या एका शब्दाने ते भाले खाली ठेवतील. तो शब्द सबंध दिवस तोंडात ठेवून मी बसून राहिलो. तरस म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला — कोणाच्या वाटेने?

शनिवार, ७ जुलै

बोललो.

ते निघाले तेव्हा मी आडवा उभा राहिलो. "सिंहीण नव्हती. तरसं होती. माझ्या वाटेने आली."

पार्मुआत लगबगीने पुढे झाला. "म्हातारा झालाय रे. दिसत नाही त्याला नीट."

"मला नीट दिसतं. मी ठसे बरोबर वाचले आणि पुसले."

लेकिशोनने भाला जमिनीत रोवला, माझ्याकडे पाहिले नाही. मागून कोणीतरी म्हणाले, "मग आता तरसांवर जायचं का, आजोबा? का तीही नव्हती?" कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

सिलांतोई कडेला उभी होती. तिने टोपी काढून हातात धरली.

दुपारी माझ्या कळपातून सात मेंढ्या निवडून मी स्वतः नूनकिपाकडे नेल्या. तिने त्या आत घेतल्या. बसा म्हणाली नाही. इतकेच विचारले, "दूध गोड होतं ना, आजोबा?"

सोमवार, ९ जुलै

दोन दिवस कोणी हाक मारलेली नाही. पलीकडच्या वस्तीवर बिबट्या येऊन गेला. माग पाहण्यास सिलांतोईला नेले. योग्यच केले.

एका गोष्टीचा मात्र आधार वाटतो. वडील गेल्यापासून एकेचाळीस वर्षे ती वाट मी बंद करीत आलो. चूक झाली ती एकाच संध्याकाळी. खोटे बोललो तो दोष माझा. परंतु कामात मी एकदाच चुकलो. एवढे तरी माझे आहे.

मंगळवार, १० जुलै

नासिएकू आली. वाटेतच तिच्या कानावर सारे गेले होते. माझ्याकडे पाठ करून चूल पेटवत म्हणाली, "माझंच चुकलं, मामंजी. जाताना कुणाला तरी सांगून जायला हवं होतं."

"काय सांगायचं होतं?"

ती लाकडे सारखी करीत राहिली. "तुम्ही फांदी लावून आत आलात, की मी जाऊन ती नीट ओढून घेते. रोजच. तीन वर्षं झाली."

सायंकाळी फांदी ओढून झाल्यावर मी आत गेलो नाही. तेथेच थांबलो आणि सुनेला हाक मारली. तिने ती आणखी हातभर पुढे ओढली. मी उभा राहून पाहिले.